गोधडीवरची आमची बाई

परदेशी राहणाऱ्या लेकीच्या घरून, गिरावीनहून, निघताना जावयाने गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि लगेच डोळे मिटून प्रार्थना केली. तरीही दोनदा वाट चुकून मी डोंगर ओलांडले. पलीकडे पिवळं गवत, मेंढ्या आणि विटांचं एक जुनं मेथडिस्ट चॅपल. तिथे मेथडिस्ट या ख्रिस्ती सुधारणा-चळवळीतल्या बायकांविषयीचं प्रदर्शन होतं. बायको त्याच्यासाठी आली होती. मी शेजारच्या बेकरीतल्या मीट पायसाठी (आपल्या पॅटिसचा थोरला भाऊ).

प्रदर्शन दाखवायला ऐंशीच्या घरातल्या जोन होत्या. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी चळवळ सुरू करणाऱ्या भावांची आई पोरांच्या कल्लोळात एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची, नवरा गावाला गेला की तिच्या स्वयंपाकघरात उपासनेला गर्दी जमायची, असं त्यांनी सांगितलं. “म्हणजे पदरच की,” बायको मला म्हणाली.

टेबलावर क्विल्ट (गोधडी) होती. चौकोनाचौकोनात अशा बायकांची नावं भरलेली, एकच चौकोन कोरा. तो जोन ‘धिस आर्व्हो’ (आज दुपारी) भरून गोधडी संपवणार होत्या. बायको तो चौकोन मागायला पुढे सरसावली. तिची आजी नगरकडे मिशनची बायबलबाई. पुरुष प्रचारकाला ज्या घरांचा उंबरा बंद, तिथे ती चुलीपाशी बसून बायकांना वाचायला शिकवायची.

“लव्हली,” जोन म्हणाल्या. “नाव काय त्यांचं?”

खरं नाव बायकोलाही ठाऊक नव्हतं. आजीला घरीदारी सगळे बाईच म्हणायचे. बायकोने नगरला थोरल्या भावाला फोन लावला.

“बाईचं नाव? बाईच की,” दादा म्हणाले. “थडग्यावरसुद्धा ‘आमची बाई’ एवढंच आहे. तिच्याकडे शिकलेल्या बायकांनीच कोरून घेतलं ना ते.”

बायकोने डोळे पुसले. जोनना अर्थ हवा होता. इंग्रजीचा जाणकार म्हणून मी सांगितलं: मॅडम, टीचर आणि आमच्याकडे भांडी घासायला येते तीही. बायकोने मला कोपर मारलं आणि पेन्सिल घेऊन चौकोनात ‘आमची बाई’ लिहिलं.

“दोरीवर वाळत घातलेले कपडेच जणू,” अक्षरांवरची रेघ पाहत जोन म्हणाल्या, आणि सुई ओवली.

परतीच्या घाटात मला वाटलं, त्या बायकांनी बाईला निदान ‘आमची’ तरी म्हटलं. मी लग्नापासून नुसत्या ‘अगं’वर भागवलंय. घसा साफ केला.

“रत्नमाला, पाण्याची बाटली देतेस?”

तिने दचकून माझ्या कपाळाला हात लावला. “अहो, गाडी बाजूला घ्या. छातीत दुखतंय का?”