भावाने विकलेली करवत

चादरीचं एक टोक दोरीवर गेलं होतं आणि दुसरं अजून गुण्यावहिनींच्या मुठीतच होतं, तेवढ्यात मागच्या शेडमधून त्यांच्या धाकट्या भावाचा आवाज आला. "राग मानू नका दाजी, पण मशीन नवंकोरं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुमच्याच हातात ती सफाई राहिली नाही."

वहिनींनी चादर बादलीत टाकली आणि ओल्या हातांनीच शेडकडे निघाल्या.

त्यांचे यजमान सुतार. दार असो नाहीतर पाट, गुण्या लावून काटकोन पाहिल्याशिवाय वस्तू हातावेगळी करायचे नाहीत, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव गुण्याभाऊ पाडलं. बायकोही आपसूक गुण्यावहिनी झाली. पहिल्यांदा ह्या घरात आल्यावर ह्या गृहस्थानं आधी भिंतीचा कोपरा तपासला आणि मग बायकोकडे पाहिलं, असं त्या सगळ्यांना हसत सांगायच्या.

असा माणूस गेले काही दिवस खाली मान घालून जेवत होता. मेहुण्याच्या दुकानातून टेबल करवत, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी विजेची करवत, घेतल्यापासून एक काम धड होईना. फळी पात्यात अडकायची, कडा करपायच्या. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या कपाटात ड्रॉवर सरकेचनात. काल तर ते म्हणाले, "शेड भाड्यानं देऊन टाकू. माझ्याच्यानं आता होत नाही." ते ऐकल्यापासून वहिनींचं चित्त देवापुढेही ठरत नव्हतं.

"कुणाच्या हाताला नावं ठेवतोयस रे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"ताई, तू ह्यात पडू नकोस."

"नवरा माझा, शेड आमची, आणि मी पडू नको?"

गुण्याभाऊच मधे पडले. "अगं, तो खोटं बोलत नाही. मशीन आलं त्याच दिवशी मी तपासलंय. टेबलावरच्या खाचेपासून पुढच्या दातापर्यंत मोजलं, मागच्या दातापर्यंत मोजलं. अंतर सारखंच, म्हणजे पातं सरळ."

"पुढचा आणि मागचा? म्हणजे दोन वेगळे दात?"

गुण्याभाऊंनी जीभ चावली. शेडमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ओरडून सांगायचे, की एक दात डावीकडे झुकतो, दुसरा उजवीकडे. तेव्हा एकाच दाताला खडू लावा, पातं फिरवा आणि तोच दात पुढेमागे मोजा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकून ऐकून वहिनींना ते तोंडपाठ झालं होतं.

"हा समोरच उभा होता गं," ते पुटपुटले. "त्याच्यासमोर त्याच्याच मालावर संशय घ्यायचा म्हणजे बरं दिसेना. घाईघाईत उरकलं."

"संकोच तुम्ही केलात, आणि हा वर तुमच्याच हाताला नावं ठेवतोय!" वहिनींचा आवाज चढला. "आधी प्लग काढा. आणि खडू घ्या."

गुण्याभाऊंनी एका दाताला खूण केली. खाचेत घट्ट बसणारी लाकडी पट्टी सरकवली आणि तिच्यातला स्क्रू त्या दाताला जेमतेम टेकेल एवढा बाहेर काढला. मग हातानं पातं फिरवून तोच दात मागे नेला, पट्टीही मागे सरकवली. आता स्क्रू आणि दात यांच्यामधे फट दिसत होती, म्हणजे पातं तिरकं होतं. वहिनींनी भावाच्या खिशातून त्याच्याच दुकानाचं कार्ड उपसलं. ते फटीतून अलगद आरपार गेलं.

"अरे वा! तुझं कार्डसुद्धा आत जातं की."

"गाडीतून आणताना पातं हललं असेल, ताई."

"मग तसं म्हणायचं होतंस! पाठच्या भावानं माझ्या नवऱ्याला आंधळा ठरवायचं? ते बिचारे स्वतःलाच दोष देत धंदा मोडायला निघाले होते. देवाला काय तोंड दाखवशील?"

"दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणत भाऊ मागच्या मागे सटकला.

गुण्याभाऊ वाकून टेबलाच्या पोटात डोकावले. "चार बोल्ट सैल केले की पातं सरळ होईल. मीच करतो."

"हात लावायचा नाही तुम्ही! ज्यानं विकलं त्यानं करायचं, आणि बाईंच्या ड्रॉवरसाठी नव्या फळ्याही त्यानंच द्यायच्या."

"बरं बाई," ते म्हणाले. करपलेली एक फळी उचलून त्यांनी कोपऱ्यात भिरकावली. बऱ्याच दिवसांनी त्यांची मान ताठ दिसत होती. "पण येताना मोठा पाना घेऊन ये म्हणावं. आणि शेडला भाडेकरू बघू नकोस."

वहिनींनी पदराला हात पुसले, पायांत चपला सरकवल्या आणि पान्यासकट भावाला परत आणायला त्याच्या दुकानाची वाट धरली.