चार भिंती, पाच कोपरे

चौथीच्या बाईंचा आवाज असा खणखणीत, की त्यांनी पाढे म्हणायला घेतले की शेजारची तिसरीही म्हणू लागे. एकोणतीस वर्षं त्यांनी वर्ग नुसत्या आवाजावर चालवला. यंदा मात्र घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी बजावलं, "मोठ्याने बोलणं बंद."

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनाने वाईट नव्हत्या. "ऑफिसात बसा, दाखले लिहा," म्हणाल्या. कारकुनाने लगेच एक खुर्ची पुसूनही ठेवली. बाईंना त्या खुर्चीचा भारी राग आला. मुलांशिवाय दिवस कसे ढकलायचे, या विचारानेच त्यांना रडू फुटलं. वर्ग चालवून दाखवायला त्यांनी पंधरा दिवस मागून घेतले.

मग बाकं भिंतीला सरकवून त्यांनी वर्गात पाच कोपरे आणि मुलांचे पाच गट केले. चार भिंतींत पाचवा कोपरा आला कुठून, हे विचारायची सोय नव्हती. तो मधोमध होता आणि तिथे बाई स्वतः बसत, हलक्या आवाजात शंका सोडवत. बाकीच्या चारांत वाचन, तराजू, चित्रावरून गोष्ट आणि गणिताच्या चिठ्ठ्या. आठ मिनिटं झाली की बाई ताटलीवर चमचा वाजवायच्या, की प्रत्येक गट पुढच्या कोपऱ्यात. तास चाळीस मिनिटांचा. पाच आठे चाळीस, हिशेब चोख!

मुलं जाम खूश होती. घरी जायची घंटा झाली तरी तराजू सोडवेना.

पंधराव्या दिवशी मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नवा धडा वाचायला लावला. चार गटांनी तो घडाघडा वाचला. तराजूपासून सुरुवात करणारा गट मात्र पहिल्याच ओळीत अडखळला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या गटातली एक चिमुरडी उभी राहिली. "बाई, वाचन आमचं शेवटी असतं. तिथे जाऊन बसतो न बसतो, तोच तास संपतो. रोजच."

पेन्सिली गोळा करण्यात, ढकलाढकलीत जाणारी मिनिटं बाईंनी धरलीच नव्हती, आणि प्रत्येक गटाची सुरुवात रोज त्याच कोपऱ्यातून!

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला बोलायला बंदी आहे ना? सांगितलं असतं, तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं."

बाई खो खो हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. मोठ्या बाईंनाही हसू आवरेना. "आणखी आठ दिवस," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काल जिथे थांबलं, तिथून आज सुरुवात. आठ दिवसांनी मोठ्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्या चिमुरडीने अख्खा धडा न थांबता वाचला. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या तडक ऑफिसकडे निघून गेल्या. बाईंचा जीव टांगणीला लागला.

थोड्या वेळाने कारकून ती पुसलेली खुर्ची उचलून घेऊन दारात उभा राहिला.

"मोठ्या बाईंनी पाठवलीय. मधल्या कोपऱ्यात ठेवायची म्हणाल्या."

बाई डोळे पुसून खुर्चीत ऐटीत बसल्या आणि त्यांनी ताटलीवर चमचा वाजवला.