चाळीस माणसांची कंपनी

पडदा वर जातो तेव्हा दिसतं कर कार्यालयातलं एक टेबल, वर कुरकुरणारा पंखा आणि टेबलासमोर ताठ मानेनं बसलेले आपले राजे, शेजारी त्यांची बायको. हयातभर रंगमंचावर राज्य केलं, म्हणून सगळे त्यांना राजेच म्हणत. आता ते राज्य नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानापुरतं उरलं होतं, आणि तेही बायकोच्या शिलाई मशीनवर चालत होतं.

सरकारनं लहान धंद्यांचा कर निम्मा केला होता. अट एवढीच, की दुकानात दहापेक्षा कमी माणसं हवीत. सवलत मिळाली तर दुकान तगणार होतं, नाहीतर महिनाअखेर कुलूप. अर्ज राजांनी एकहाती भरला. बायको म्हणाली होती, "एकदा मला दाखवा तरी." त्यांनी नुसता मिशीला पीळ दिला. खोटी मिशी कधीच उतरली होती, पीळ तेवढा मागे राहिला होता.

"आजोबा," अधिकारी बाई अर्ज पाहत म्हणाली, "तुम्ही चाळीस माणसं लिहिलीत. हा कसला लहान धंदा? अर्ज बाद होईल."

बायकोनं कपाळाला हात लावला. "चाळीस? अहो, कुठनं आणलीत?"

कुठनं म्हणजे? जाहिरातीत त्यांची नाटक कंपनी नेहमी चाळीस माणसांचीच असे. प्रत्यक्षात तेच चार सैनिक एका बाजूनं येत, दुसरीकडून जात आणि मागच्या पडद्याआडून धापा टाकत पुन्हा हजर होत. अर्जावर रिकामा रकाना दिसला आणि राजांच्या हातानं सवयीनं सगळं सैन्य उभं केलं. दुकान बुडायला आलं, ऐट मात्र वर तरंगतच होती!

"दुरुस्ती आत्ताही करता येईल," अधिकारी बाईनं पेन उचललं. "खरी किती?"

राजांनी घसा खाकरला. मागच्या बाकांवर रांगेतली माणसं कान टवकारून बसली होती. प्रेक्षक हजर असताना लहान व्हायची त्यांना सवय नव्हती.

बायकोनं कोपरानं ढोसलं. "बोला की! का आतून कुणी वाक्य सांगायला हवं?"

राजांनी तिच्या सुईनं चाळण झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"दीड लिहा, बाईसाहेब. एक ही, आणि उरलेला मी."