चार नंबरच्या काउंटरवर कुणी जाईना

कतारमध्ये वाढलं की एक गोष्ट न शिकवताच येते. माणसाचा पासपोर्ट सांगा, त्याची नोकरी आपण सांगायची. दारावर केनियाचा गार्ड, रिसेप्शनला फिलिपिनो मुलगी, हिशेबाला केरळचे सर. आणि आमच्यासारखे रत्नागिरीचे असले की क्लार्क, नाहीतर दुकान. माझे पप्पा क्लार्कच.

मी एका माणसं पुरवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. तिथे बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, नवा नियम आला. त्यांच्या सेंटरमधल्या काउंटरसाठी आमच्याकडून माणूस घेताना देश बघायचा नाही. अप्लाय केलेल्या प्रत्येकाला एक सकाळ खऱ्या काउंटरवर बसवायचं आणि ज्याचं काम चांगलं त्याला घ्यायचं. माझा मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला." म्हणजे काही होत नाही, अशा सुरात.

मी मात्र धावत खाली गेले. आमच्या ऑफिसच्या खालीच बलदियाचं सेंटर, आणि त्याच्या दारावर माझी मैत्रीण गार्ड होती, केनियाची, बडबडी, तिकडे कॉलेज करून आलेली. दारावर ऑटोमॅटिक गेट बसणार होतं आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. दुसरी नोकरी नाही मिळाली तर परतीचं विमान.

"सिस, मला बघून लोक बॅग उघडून दाखवतात," ती म्हणाली. "काउंटरवर बसले तरी बॅगच उघडतील."

"उघडू देत. आत कागद असले की काम कर."

तर ट्रायलची सकाळ. जागा एक, उमेदवार तीन. एक लेबनॉनचा मुलगा, एक केरळची मुलगी आणि चार नंबरला माझी मैत्रीण, माझा ब्लेझर घालून, बाह्या आखूड. मी मागे खुर्चीत.

आणि तिच्याकडे कुणी जाईना. अरब लोक लेबनीजकडे, आपले लोक केरळवालीकडे. चारचं टोकन आलं की माणूस मागच्याला म्हणायचा, तू जा. मागचा म्हणायचा, नको, तूच जा. एकाने तिला येऊन विचारलं, टॉयलेट कुठे? तिने हसून सांगितलं, पण माझ्याकडे बघितलं तेव्हा हसत नव्हती. काम आलंच नाही तर बघणार काय?

शेवटी सुपरवायझर उठली. कतारी, माझ्याच वयाची. हॉलमध्ये उभी राहून अरबीत आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "खलास. टोकनवर जो नंबर, तोच काउंटर. नको असेल तर घरी जा."

पहिले सापडले ते अल वक्रा गावातले मसालावाले चाचा, पप्पांच्या ओळखीचे. मला बघून खुशीत आले आणि चारचं टोकन पुढे करून कुजबुजले, "गो, ही कालपर्यंत दारावर होती ना? हिला काय कळणार माझ्या दुकानाच्या बोर्डाच्या लायसनचं? त्या केरळवालीला सांग की जरा."

"चाचा, मी नाही सांगणार. जा ना."

"तुझ्या बापाला सांगतो थांब," म्हणत गेले.

"सलाम चाचा, बैठो बैठो," मैत्रीण म्हणाली. गार्ड लोक राहतात त्या कॅम्पवर शिकलेली हिंदी. चाचांच्या भुवया वर. घरचे बरे, दुकान बरं, सगळं विचारून झालं आणि मग तिने अर्जासोबतचा बोर्डाचा फोटो बघितला. बोर्डाची वरची बाजू कापली गेलेली, अरबी नाव दिसतच नव्हतं. असा फोटो लावला तर अर्ज परत येतो. ती म्हणाली, दुकानात कोण आहे आत्ता? जावई? लावा फोन. यल्ला, चला. जावयाने रस्त्यापलीकडे जाऊन फोटो काढला, बसल्या बसल्या अर्ज गेला.

काम कसं वाटलं ते सांगायचं मशीन काउंटरवर असतं, चाचांनी त्यावरचं हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबलं. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबायला गेले तेव्हा ती म्हणाली, "चाचा, मशीन एकदाच मोजतं."

बाहेर जाताना त्यांनी रांगेतल्या लोकांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यानंतर चारच्या टोकनवर कुणी कुरकुर केली नाही.

तिला नोकरी मिळाली. मला आधी कळलं होतं, तरी तिच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी गप्प बसले, आणि मग दोघी पार्किंगमध्ये ओरडलो. मॅनेजरने पुढच्या जागेसाठी देश न विचारता माणसं बोलवायला सांगितली. इन्शाल्ला म्हणाला नाही.

परवा सेंटरला गेले तर चाचा बसलेले. त्यांचा नंबर दोनच्या काउंटरवर लागला, उठले नाहीत. मागच्याला म्हणाले, तू जा.

"चाचा, तुमचा नंबर आला ना?"

"चार रिकामा होऊ दे. माझी केस तिला माहीत आहे."

सुपरवायझरने लांबूनच बोट दाखवलं: दोन. चाचा कुरकुरत उठले आणि चारसमोरून जाताना मैत्रिणीला म्हणाले, "देखो बेटी, ये लोग मेरे को तेरे पास आने नहीं देता."

ती इतकी हसली की तिच्या समोरचा माणूसही हसायला लागला.