डोंगर डाव्या हाताला ठेवा

सालईटेकची वाट गोल आहे. गावातून निघायचं, डोंगराला वळसा घालायचा आणि परत त्याच गावात उतरायचं. चढ मध्यम. गुडघे बरे असतील तर एका दिवसात होतं.

ही सहल आमच्या ह्यांनी आखली होती. दर हिवाळ्यात म्हणायचे, "या वर्षी जाऊ." वाडीच्या गोदामातून सुट्टी मिळायची नाही. मग रामदासपेठेतला दवाखाना मागे लागला, आणि मग हेच गेले. ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. संध्याकाळी फाटकातूनच "अवं!" म्हणायचे, आणि मी चुलीजवळून "आले" म्हणायची. अजूनही कुठलं फाटक वाजलं की मी उठते. त्यांचं राहिलेलं एक काम करून आलं तर हे उठणं थांबेल, असं वाटलं. म्हणून या डिसेंबरात निघाले.

सोबत नणंद, शोभा. ती आदल्या दिवशी उमरेडहून आली. भाकरी, मिरचीचा ठेचा, संत्री आणि भरपूर पाणी घेतलं. वाटेत पाणी नाही. रामटेकपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडसमोर तर्री-पोहे. पुढे ऑटो. जाण्या-येण्याचा भाव आधीच ठरवा आणि परतीची वेळ पक्की करा, तिथे दुसरी गाडी मिळत नाही.

पायथ्याशी चहाची टपरी आहे. टपरीवाल्या बाईने विचारलं, "दोघीच? माणसं नाही आणली?"

"आणली असती तं इथंच चहा पेत बसली असती," शोभा म्हणाली.

बाई हसली. "मंग डोंगर डाव्या हाताले ठेवजा. पांढरे बाण हाये दगडाईवर."

थोडं वर गेलं की फाटा लागतो. बाण उजवीकडच्या वाटेला होता. शोभा थांबली. "वैनी, वर देवाचं ठाणं हाय. डोंगर डाव्या हाताले ठेवला तं उलटी प्रदक्षिणा झाली ना! घालतेत का कोणी?"

मलाही ते पटलं. देव उजव्या हाताला ठेवून आम्ही डावीकडे वळलो.

त्यानंतर एकही बाण दिसला नाही. दुपारपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. साग संपून सालईची झाडं लागली. पांढुरक्या सालीची, पानं झडलेली. सावलीत बसून भाकरी खाल्ली. मग डोंगराच्या मागच्या अंगाला गेलो आणि ऊन एकदम संपलं. तिथे सूर्य लवकर आड होतो. पाखरू नव्हतं, वारा नव्हता. वाटेच्या तीन वाटा झालेल्या, सगळ्या गुरांनी पाडलेल्या. शोभाच्या चपलेखाली पान मोडलं तरी मी दचकत होते.

तेव्हा मागून आवाज आला. "अवं!"

शोभा माझ्या पुढे होती. ती जागीच थांबली. "वैनी, तू आवाज देला का?"

"नाही."

"मंग बोलू नको. मागं पाहू नको."

सासूबाईंनी आम्हा दोघींना सांगून ठेवलं होतं: रानात पहिल्या हाकेला ओ देऊ नये, मागे वळू नये. आपलं माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतं.

दुसरी हाक आली. तितक्याच अंतरावरून, तशीच, शेवट जरा ओढलेली. माझ्या तोंडात "आले" तयार होतं. शोभाने माझा हात धरला.

"चाल ना वं, वैनी."

"तिसरी येऊ दे," मी म्हणाले.

उभी राहिले. कान दुखेपर्यंत ऐकलं. तिसरी हाक आली नाही.

मग मी मागे वळले. वाटेवर कोणी नव्हतं. आम्ही नुकताच ओलांडलेला एक दगड होता, आणि त्याच्या आता आमच्याकडे असलेल्या अंगावर पांढरा बाण. तो आम्ही आलो त्या दिशेला, हाक आली तिकडे, दाखवत होता. क्षणभर पाय तिकडेच ओढले गेले. मग डोक्यात उजेड पडला: बाण समोरून येणाऱ्यांसाठी काढलेले होते. आम्ही ते सगळे पाठीमागून ओलांडत आलो होतो.

पुढे उतरेपर्यंत एकच रीत ठेवली. थोडं चालायचं, मागे वळायचं. बाण दिसला तर वाट बरोबर, नाही तर परत फिरून दुसरी धरायची. शोभाने एकदाही मान वळवली नाही. "तूच पाह्य," म्हणाली. प्रत्येक वेळी वळताना मला वाटायचं, या वेळी बाणाजवळ कोणी उभं असेल. बाणच असायचा.

टपरीवाली आम्हाला उजवीकडून उतरताना पाहून ओरडली, "उलट्या आल्या का वं? देवाले फेरा घालाले गेलत्या का डोंगर पाहाले?"

एसटीत शोभाने खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "दादा होता ना?"

"लाकडं आणायला आलेला कोणी असेल. आपल्याकडे सगळेच अवं म्हणतात."

"हो," ती म्हणाली. "सगळेच म्हणतेत."

तुम्ही जाल तर डोंगर डाव्या हाताला ठेवा. उन्हं कलायच्या आत मागचं अंग ओलांडा.

शोभाला उमरेडच्या गाडीत बसवून मी वाडीला उतरले. रस्त्यावर ट्रकांची रांग, हॉर्न. फाटक ढकललं, ते वाजलं. कुलूप काढलं, दार लोटलं, आणि आत पाय टाकण्याआधी म्हणाले, "आले."