तिसरी किल्ली

माझे सासरे किल्ल्या बनवतात. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढंसं त्यांचं दुकान. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी फार वर्षांपूर्वी घेतल्या आणि भाड्याने दिल्या. तेव्हापासून गल्लीत कुणाच्या मनात भाड्याने द्यायला घर घ्यायचं आलं, की तो आधी यांच्याकडे येतो आणि मग बँकेत जातो. किल्ली ते कुणाला फुकट देत नाहीत. सल्ला मात्र न मागताच देतात.

या वेळी गिऱ्हाईक मी होतो. बायकोची आणि माझी शिल्लक गोळा करून, वर थोडं कर्ज काढून, भाड्याने द्यायला एक छोटं घर घ्यायचं आम्ही ठरवलं होतं. खिडकीतून किती छान झाडं दिसतात हे मी सांगू लागलो, तशी मामांनी (मी त्यांना मामाच म्हणतो) हातातली कानस थांबवली आणि झाडं भाडं भरणार आहेत का, असं विचारलं. नळाला पाणी जोरात येतं का, वरच्याचं बाथरूम गळतं का, खालचा माणूस भांडकुदळ आहे का, हे आधी बघायचं. भाड्यात कर्जाचा हप्ता परस्पर सुटेल या भ्रमात राहायचं नाही. मधले काही महिने घर रिकामं पडणारच, असं धरून चालायचं. भाडेकरूची चौकशी करायची तर त्याच्या आधीच्या घरमालकाकडे, आत्ताच्या नव्हे. आत्ताचा त्याला घालवायला टपलेला असतो, तो गोडच बोलणार.

सगळं पटत होतं, हीच पंचाईत. सासऱ्याचं एखादं तरी चुकावं, असं कुठल्याही जावयाला वाटतंच.

मग मामांनी आवाज खाली आणला. ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत नाहीत म्हणाले. भाडेकरूला दोन किल्ल्या द्यायच्या आणि तिसरी गुपचूप आपल्याकडे ठेवायची. वरच्या खोल्यांत एक नर्स एकटी राहते. ती ड्यूटीवर गेली की मामा अधूनमधून वर एक फेरी मारून येत. कशाला हात लावत नसत, असं त्यांचं म्हणणं. नळ टपकत होता, त्याचं वायसर बदललं. दिवा चालू राहिला होता, तो बंद केला. तिला पत्ताही लागला नाही आणि घर कसं खणखणीत राहिलं. हे सांगताना त्यांना स्वतःचं कौतुकच वाटत होतं. मला ते काही बरं वाटलं नाही, पण सासुरवाडीला गेलेला माणूस चहा पितो, वाद घालत नाही.

तेवढ्यात ती नर्सच जिना उतरून दुकानापाशी आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिला दाराचं लॅच बदलून हवं होतं. घरात कुणीतरी येतं म्हणाली. चालू ठेवलेला दिवा बंद असतो, गळणारा नळ आपोआप बरा होतो. आधी तिला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. मग रात्रपाळीहून आल्यावर दिवसा झोप येईनाशी झाली. दाराला खुर्ची लावून ती नुसती पडून राहायची. केर काढायला येणाऱ्या बाईकडे एक किल्ली असायची, म्हणून शेवटी तिला कालच कामावरून काढलं. मी काही केलं नाही हो, असं म्हणत बाई रडत गेली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती झालेली होती, आणि चोर माझ्यासमोर स्टुलावर बसून कानशीकडे बघत होता.

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फळीवरून नवं लॅच काढलं, अवजारांची पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना चढले. एरवी गप्पा मारता मारता लॅच बसवणारा हा माणूस. त्या दिवशी एकच स्क्रू दोनदा बसवला आणि दोनदा काढला. नर्सने पाणी आणून दिलं. पेला त्यांनी तसाच टेबलावर ठेवून दिला. खोलीकडे तर ते मान वर करून बघेनातच. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही येत होती.

लॅच बसलं. खोक्यातल्या तिन्ही किल्ल्या मामांनी तिच्या हातावर ठेवल्या. चला, एवढी तरी बुद्धी झाली, असं मी मनात म्हणेपर्यंत तिने त्यातली एक परत पुढे केली.

"ही तुमच्याकडे असू दे, काका. उद्या मला आत काही झालं तर दार कोण उघडणार? इथे तुमच्याशिवाय मी कुणावर भरवसा ठेवू?"

मामांनी हात पुढे केला नाही. लॅचकडे बघतच म्हणाले, "त्या बाईला परत बोलवा. तिने काही केलेलं नाही. मीच यायचो."

तिला आधी ती थट्टा वाटली. ती हसलीसुद्धा. मग मामांनी खिशातून जुनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिचं हसू गेलं. ते नळाचं सांगू लागले, दिव्याचं सांगू लागले. घराची काळजी म्हणून, असं म्हणता म्हणता मध्येच थांबले. खाली दुकानात हेच सगळं त्यांनी किती सहज सांगितलं होतं.

"दार वाजवलं असतं तर मी उघडलं असतं की, काका," ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. आत तिने कडी लावल्याचं ऐकू आलं. मामा दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. केर काढणाऱ्या बाईची माफी मागायची होती, पण ती राहते कुठे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पुन्हा वर गेले, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच दार वाजवलं. थांबून परत वाजवलं.

दार उघडलं नाही.