भटूभाऊची बुडी आणि पिवळा कॅमेरा

भुसावळच्या रेल्वे टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुगंधाबाईंचा आवाज आसपासच्या सगळ्या स्टेशन मास्तरांना ओळखीचा होता. चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला तिखट. रावेरजवळ त्यांचं माहेर. तिथल्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या होत्या. लग्न मोडून परत आल्या त्या दिवशीही कुणाशी न बोलता आधी विहिरीत उतरल्या, असं त्यांची वहिनी तानुबाई सांगायची.

चौऱ्याण्णव साली ऑफिसातल्या चौघीजणी लक्षद्वीपला निघाल्या. तिथे तोंडात नळी धरून समुद्राखालचे मासे बघता येतात, हे कळल्यावर सुगंधाबाईंनीही नाव दिलं. आणि बघायचेच, तर फोटोही काढायचे!

त्यांनी फोटो स्टुडिओवाल्या उखर्डूला विचारलं. उखर्डू हरखला. आठवडाभर खपून त्याने जाड काचेची पेटी बनवली, सांधे काचा बसवायच्या लांबीने बुजवले आणि आपला मोठा कॅमेरा आत बसवायची तयारी केली. सुगंधाबाई म्हणाल्या, "आधी रिकामी बुडवून पाहू." स्टुडिओमागच्या हौदात पेटी सोडली, तर ती बुडायलाच तयार नाही. बुडावी म्हणून उखर्डूने तिला खाली दगड बांधले, तशी ती तळाला गेली आणि दोघांनी मिळून ओढली तेव्हा वर आली.

"बाई, फोटो मात्र झकास येतील," उखर्डू धापा टाकत म्हणाला.

"मासे हिला ओढायला येतील का?"

मग प्लॅस्टिकच्या पिशवीत साधा कॅमेरा घालून झाला. पाण्यात पिशवी चुरगळून भिंगालाच चिकटली. शेवटी एका मैत्रिणीच्या नवऱ्याने दुबईहून आणलेला पिवळा कॅमेरा मिळाला. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, रबराच्या पट्टीने घट्ट बंद होणारा. पाण्याखाली दोन पुरुष खोलीपर्यंत चालतो, असं त्यावर लिहिलेलं. फ्लॅश आतच, दोरी मनगटात. एका हाताने फोटो काढायचा, दुसऱ्या हाताने पोहायचं. सुगंधाबाईंनी तोच ठरवला. उखर्डू रुसला, पण फिल्म चांगली द्यायला विसरला नाही.

खरा अडथळा थोरल्या भावाचा होता. तानुबाईचा नवरा भटूभाऊ गावात बुडीसाठी प्रसिद्ध. विहिरीत उडी मारली, की काठावरच्या बाया देवाचं नाव घ्यायला लागेपर्यंत वर येत नसे.

"समुद्रात कायले जातेस तू? लोक काय म्हनतीन?" तो म्हणाला. "माह्यापेक्षा जास्त वेळ पान्यात राहून दाखव, मग जा."

आपण हरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुगंधाबाईंना मात्र दुसरंच काही ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात भटूभाऊ पाण्याखाली असताना विहिरीची भिंत शिंकली होती.

रविवारी सकाळी मळ्यात गर्दी जमली. दोघांनी एकदमच उडी मारली. सुगंधाबाईंनी कासोटा घट्ट केला होता आणि कॅमेरा कमरेला पदरात खोवला होता. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून त्या भावाच्या पायांमागे गेल्या. पाणी उपसायच्या मोटारीच्या चबुतऱ्यामागे दगड निखळून पोकळी झाली होती. पोकळीचं तोंड पाण्याखाली, पण आत डोकं वर काढायला मोकळी हवा. भटूभाऊ आत शिरला. त्याही मागोमाग शिरल्या आणि काळोखात कॅमेरा वर धरून बटण दाबलं.

लख्ख उजेड! भटूभाऊ "माय वं!" म्हणून ओरडला आणि तीरासारखा विहिरीत वर निघाला.

"ईज चमकली रे! विहिरीत ईज!"

काठावर ऊन रणरणत होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. पोकळीत मोकळ्या हवेत पोटभर हसून झाल्यावर सुगंधाबाई सावकाश वर आल्या. "भाऊ, एवढ्यातच दमला?"

"हे धरायचं नाई. भुताटकी झाली," भटूभाऊ म्हणाला.

पुढच्या रविवारी जेवायला बसल्यावर सुगंधाबाईंनी पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. फोटो जरा धूसर होता, पण मिशी ओळखू येत होती. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला भटूभाऊ, एका गालात सुपारी, डोळे लिंबाएवढे. त्याने फोटो पालथा केला. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला.

"गाडी कधीची हाये?" त्याने विचारलं.

तेवढ्यात वाढायला आलेल्या तानुबाईने पाकीट उचललं, फोटो पाहिला आणि भिंतीला टेकून हसत खालीच बसली. डोळे पुसत म्हणाली, "मी बी येते सुगंधाबाईसंगं." नाही म्हणायची भटूभाऊची हिंमत झाली नाही.

ऑफिसातल्या चौघींबरोबर या दोघीही कोचीहून बोटीने गेल्या. तानुबाईने आधी गुडघाभर पाण्यात बसून घेतलं, मग नळी तोंडात धरून पालथी झाली, आणि पुढे तिला बाहेर काढताना बोटवाल्याला आर्जवं करावी लागली. फोटोंपैकी बरेचसे नुसते निळे आले, काहींत सुगंधाबाईंचा अंगठा, काहींत तानुबाईचे पाय. पण एकात हिरवा-निळा, चोचीसारख्या तोंडाचा मासा थेट कॅमेऱ्याकडे बघत होता.

तो फोटो घेऊन तानुबाई गल्लीतल्या ओट्यावर बसली. शेजारची म्हातारी मंजुळाबाई तो हातात धरून बराच वेळ न्याहाळत राहिली.

"लई नक्षीचा हाये. चवीले कसा लागते?"

"इचारलं नाई वं माय," तानुबाई म्हणाली, "तोंडात नळी व्हती."